शाळा बंद होणार असं पत्र आलं, त्यानंतरचे बारा महिने

१७ सप्टेंबर २०२४, मंगळवार. लेकीचा डबा धुवायला काढला तर दप्तराच्या तळाशी दुमडलेलं एक पत्र सापडलं. पोळीचं तूप लागून त्याचा एक कोपरा पारदर्शक झाला होता. एरवी अशा पत्रात सहलीचे पैसे भरा, नाहीतर वर्गात उवा झाल्यात, डोकं तपासा, असं असतं. यात लिहिलं होतं की मुलांचा पट सतत घटत असल्यामुळे ३१ ऑगस्ट २०२५ ला शाळा बंद करण्याचा कौन्सिलचा, म्हणजे इथल्या महापालिकेचा, प्रस्ताव आहे आणि त्यावर पालकांचं म्हणणं मागवण्यात येत आहे.

लेक तेव्हा नुकतीच तिसरीत गेली होती. धाकटा चार वर्षांचा, पुढच्या सप्टेंबरात तोही इथेच रिसेप्शनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. शाळा घरापासून सहा मिनिटांवर. पत्र तीनदा वाचलं आणि कणीक तशीच परातीत ठेवून खाली बसले.

गेल्या महिन्यात आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर दोघींनी विचारलं, "आमच्याकडेही असं पत्र आलंय, नक्की काय करायचं असतं?" त्यांच्यासाठी हे तारखांसकट लिहून काढते आहे. शाळेचं आणि कौन्सिलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लंडनच्या कडेचा एक भाग, एवढं पुरे.

पहिले दोन आठवडे मी वाया घालवले, ते आधी सांगते. मी खासदारांना लिहिलं, शाळेच्या मुख्याध्यापिकांना लिहिलं, आमच्या वॉर्डाच्या कौन्सिलरबाईंना गाठलं. खासदारांच्या कार्यालयातून उत्तर आलं की हा कौन्सिलचा विषय आहे. मुख्याध्यापिकांच्या हातात काही नव्हतं. कौन्सिलरबाई मनापासून बोलल्या, पण शेवटी म्हणाल्या की या विषयावर मला मतदानाचा अधिकारच नाही, मी कॅबिनेटमध्ये नाही.

कॅबिनेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-दिल्लीचं मंत्रिमंडळ येतं. इथे इंग्लंडमध्ये २००० सालच्या स्थानिक प्रशासनाच्या कायद्यानंतर बहुतेक कौन्सिलांमध्ये तसंच छोटं मंडळ असतं. लीडर आणि त्याच्यासोबत जास्तीत जास्त नऊ कौन्सिलर, म्हणजे दहाच्या वर नाही. प्रत्येकाकडे एकेक खातं: शिक्षण, रस्ते, समाजकल्याण, अर्थ. वर्षाचं बजेट पूर्ण कौन्सिलपुढे जातं, पण शाळा बंद करण्यासारखे निर्णय हे दहाजणच घेतात. त्यामुळे पत्र आल्याच्या दिवशीच शिक्षण खातं सांभाळणारा कॅबिनेट सदस्य कोण ते शोधा आणि पहिलं पत्र त्याला लिहा. कौन्सिलच्या वेबसाइटवर 'फॉरवर्ड प्लॅन' नावाची यादी असते. महत्त्वाचा निर्णय घ्यायच्या किमान २८ दिवस आधी तो विषय जाहीर करावा लागतो, आणि तो या यादीत दिसतो.

हे मला कुणी शिकवलं म्हणाल तर माझ्या वडिलांनी. अप्पा सांगलीकडे जिल्हा परिषदेत कारकून होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. मी फोनवर रडत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, रडून काय हुतंय? आधी विषयपत्रिका बघ. विषय कितवा हाय, टिपणी कुणाची हाय ते बघ. जे काय असतंय ते टिपणीतच असतंय. सभेत नुसते हात वर हुत्यात."

मग थोडं थांबून म्हणाले, "आपल्याकडं पण पट वीसच्या आत गेला की समूह शाळेचं काढत्यात. पोरं तीच, रस्ता लांब."

२ ऑक्टोबरला संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये कौन्सिलच्या अधिकाऱ्यांनी पालकसभा घेतली. आम्ही सगळे मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. पडद्यावर आकडे दाखवले. शाळा २१० मुलांची, सात वर्ग, प्रत्येकी ३०. पटावर ११८. रिसेप्शनला त्या वर्षी फक्त १३ मुलं आली होती. जन्मच कमी झालेत, हे त्यांचं पहिलं कारण, आणि ते खोटं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ साली ५,९१,०७२ बाळं जन्मली, १९७७ नंतरचा हा सगळ्यांत कमी आकडा. त्यात लंडनमधून घरभाड्यापायी तरुण कुटुंबं बाहेर जातात. हॅकनीत त्याच उन्हाळ्यात दोन शाळा बंद झाल्या होत्या आणि दोन शेजारच्या शाळांत विलीन झाल्या होत्या.

शाळेचा पैसा मुलाच्या मागे येतो, हे मला मोघम माहीत होतं. त्या दिवशी नीट कळलं. ऑक्टोबरातल्या पहिल्या गुरुवारी देशभर सरकारी शाळांत मुलं मोजली जातात आणि त्या आकड्यावर शाळेचं पुढच्या वर्षाचं बजेट ठरतं. वर्गात ३० असोत की १३, शिक्षिका एकच लागते, वर्ग एकच तापवावा लागतो. पैसे मात्र १३ मुलांचेच येतात. मोजणी नेमकी दुसऱ्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला होती. पत्र मिळाल्यापासून पाच कुटुंबांनी घाबरून मुलं काढली होती. मोजणीच्या दिवशी पट १०९ भरला. बंद होणार अशी नुसती चर्चा सुरू झाली आणि शाळा आणखी रिकामी झाली. ज्यांनी मुलं हलवली त्यांना मी दोष देत नाही. एक-दोन रात्री आम्हीही तेच बोललो होतो.

सभा संपल्यावर मी एका अधिकारीबाईंना विचारलं, "शाळा बंद केल्यावर कौन्सिलचे किती पैसे वाचणार?" मला वाटत होतं की हा सगळा काटकसरीचा खेळ आहे. त्या खुर्च्या रचता रचता थांबल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. शाळांचा पैसा केंद्र सरकारकडून वेगळ्या अनुदानातून येतो, तो कौन्सिलला रस्त्यांवर किंवा ग्रंथालयांवर खर्च करता येत नाही. म्हणजे घरात किराण्याचं पाकीट वेगळं आणि मुलांच्या फीचं वेगळं, तसं. शाळा बंद झाली म्हणून किराण्याच्या पाकिटात भर पडत नाही. पण शाळा तोट्यात जाऊन बंद झाली, तर तो तोटा किराण्याच्या पाकिटातून भरावा लागतो. म्हणून त्यांना घाई असते. तोटा जितका साचेल, तितका त्यांच्या अंगावर येईल.

ही दोन पाकिटं मला पहिल्याच दिवशी कळायला हवी होती. 'पैसे वाचवण्यासाठी मुलांचा बळी देऊ नका' असे फलक आम्ही रंगवले होते. त्याला उत्तर देणं त्यांना सोपं होतं: यात आमचे पैसे वाचतच नाहीत.

७ ऑक्टोबरला मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. इथला कायदा २००० चा. फी नाही, ई-मेल केलेला चालतो, कारण द्यावं लागत नाही. आपल्याकडे दहा रुपये आणि ३० दिवस, इथे २० कामाचे दिवस. मी तीन गोष्टी मागितल्या: आसपासच्या तीन शाळांत इयत्तेनुसार रिकाम्या जागा, तिथे चालत जाण्याच्या रस्त्यांची सुरक्षा पाहणी, आणि या निर्णयाचा वेगवेगळ्या समाजगटांवर काय परिणाम होईल याची नोंद. ही शेवटची नोंद २०१० च्या समानता कायद्यामुळे ठेवली जाते, ती जरूर मागा. उत्तर बरोबर विसाव्या दिवशी, ४ नोव्हेंबरला आलं. म्हणणं मांडायची मुदत ८ नोव्हेंबरला संपत होती. चार दिवस हातात. अर्ज पत्र आलं त्याच रात्री केला असता तर साधारण साडेतीन आठवडे मिळाले असते.

त्या उत्तरात जागा भरपूर दिसत होत्या, पण विखुरलेल्या. एका शाळेत पहिलीत तीन, दुसरीत शून्य. दुसऱ्या शाळेत उलटं. रिसेप्शन आणि चौथी, दोन्हीकडे जागा असलेली एकच शाळा होती, आणि ती मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. घरापासून १.४ मैल, म्हणजे सव्वादोन किलोमीटर. आठ वर्षांखालच्या मुलाची शाळा दोन मैलांपलीकडे असेल तरच सहसा कौन्सिलला मोफत वाहन द्यावं लागतं, आठ वर्षांवरच्या मुलांना बहुधा तीन मैल. आमचं अंतर दोन्हींत बसत नव्हतं. चार वर्षांच्या पोराला घेऊन मी ते एकदा चालून पाहिलं. ४१ मिनिटं लागली, मध्ये दोनदा कडेवर घ्यावं लागलं.

दिवाळी शाळेच्या ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीच्या आठवड्यात होती. चकल्या तळता तळता मी मनात मुद्दे जुळवत होते, आणि रात्री मुलं झोपली की लिहीत होते. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'सहमत, असहमत' अशी खूण करायची आणि खाली शब्दमर्यादा असलेली एक चौकट. मी फॉर्म भरलाच, शिवाय दोन पानांचं वेगळं पत्र ई-मेलनं पाठवलं आणि पोच मागितली. शाळेतल्या काही आयांना, आज्यांना इंग्रजीत लिहिणं जमत नव्हतं. त्यांच्यासोबत तीन दुपारी ग्रंथालयात बसले. एक सोमाली आजी बोलायच्या, त्यांची सून इंग्रजीत सांगायची, मी टाइप करायचे, मग सगळं त्यांना वाचून दाखवायचे. आजींना फक्त एवढंच सांगायचं होतं की त्यांचे गुडघे दुखतात आणि नातवाला शाळेत त्याच सोडतात. तेवढंच लिहिलं. पुढे अहवाल आला तेव्हा एकाच मसुद्यावर सह्या केलेली ६० पत्रं एका ओळीत गुंडाळलेली होती, आणि आजींचे गुडघे स्वतंत्र परिच्छेदात होते.

२ डिसेंबर, सोमवार. १० तारखेच्या बैठकीची विषयपत्रिका वेबसाइटवर आली. मध्ये पाच पूर्ण कामाचे दिवस सोडून ती जाहीर करावी लागते, त्यामुळे ती कधी येणार हे कॅलेंडरवर मोजता येतं. सगळी कागदपत्रं मिळून २१४ पानं. आमचा विषय नववा. मी नववा विषय दोनदा वाचला. शिफारस स्पष्ट होती: बंद करण्याची कायदेशीर नोटीस काढावी. पान ६१ वर नव्या शाळेच्या रस्त्याबद्दल एक परिच्छेद होता. मोठ्या रस्त्यावर शाळेच्या वेळेला लॉलीपॉप लेडी, म्हणजे गोल पाटी दाखवून मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई, असते, सबब रस्ता सुरक्षित आहे.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. लॅपटॉप मिटणार तेवढ्यात अप्पांचं वाक्य आठवलं: "आपलाच विषय वाचून थांबायचं न्हाई. शेजारचं विषय बी बघायचं." बारावा विषय पुढच्या वर्षीच्या बजेटमधली प्रस्तावित कपात हा होता. लांबलचक तक्ता, बारीक अक्षर. ग्रंथालयांच्या वेळा, बागेतल्या कचऱ्याची फी, वृद्धांचं दुपारचं केंद्र. पान १४८ वर एक ओळ: शाळकरी मुलांना रस्ता ओलांडून देणारी सेवा आठ ठिकाणी थांबवणे, एप्रिल २०२५ पासून. ठिकाणांची यादी तळटीपेत होती. सहावं नाव आमच्या मोठ्या रस्त्याचं.

मी ६१ आणि १४८ ही दोन पानं शेजारी शेजारी उघडून बराच वेळ बसले. नवऱ्याला उठवलं. त्यानेही वाचलं. एका खात्यानं ज्या बाईंच्या भरवशावर आमची मुलं पलीकडे पाठवायचं ठरवलं होतं, त्याच बाईंची नोकरी दुसरं खातं त्याच संध्याकाळी, त्याच टेबलावर काढणार होतं. यात कुणाची लबाडी होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. शिक्षणवाल्यांनी रस्तेवाल्यांचा कागद वाचला नव्हता, इतकंच. ही सेवा कायद्यानं सक्तीची नाही. कौन्सिल ती देऊ शकते, द्यायलाच हवी असं नाही. म्हणून कपात करायची वेळ आली की ती लवकर यादीत येते. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमनं आणि नोव्हेंबरात नॉटिंगहॅमनं 'कलम ११४' ची नोटीस काढली, म्हणजे वर्षाचा खर्च भागवण्याइतका पैसा नाही असं जाहीर केलं, तेव्हापासून सगळ्याच कौन्सिलांच्या कपातीच्या याद्या लांबल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन लागणारी २२ पानं छापून घेतली. १५ पेन्सला पान, ३ पौंड ३० पेन्स. सगळी २१४ छापू नका, पण आपली पानं कागदावर हवीतच. बैठकीत फोनवर शोधत बसायला वेळ मिळत नाही.

बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. आमच्या कौन्सिलमध्ये बैठकीच्या तीन कामाचे दिवस आधी दुपारी १२ पर्यंत. प्रत्येक कौन्सिलचा नियम वेगळा असतो, बैठकांचं काम बघणाऱ्या लोकशाही सेवा विभागाला फोन केला की सांगतात, आणि माझा अनुभव आहे की ती माणसं मदत करतात. मला चौथा नंबर आणि तीन मिनिटं मिळाली. तीन मिनिटांत माझ्या वेगानं ३६० शब्द बसतात. घड्याळ लावून स्वयंपाकघरात अकरा वेळा म्हणून पाहिलं. पहिल्या मसुद्यात लेक, तिच्या मैत्रिणी, तिची बाग, सगळं होतं. ते सगळं काढलं. जीवावर आलं, पण काढलं. उरली दोन पानं आणि एक प्रश्न.

१० डिसेंबरला ऑफिसातून अर्धा दिवस रजा घेतली. टाउन हॉलमध्ये सात वाजता बैठक. घोड्याच्या नालासारखं लाकडी टेबल, मागे आमच्यासाठी खुर्च्यांच्या चार रांगा. बोलणाऱ्यासमोर एक छोटा दिवा होता. हिरवा, शेवटच्या अर्ध्या मिनिटाला पिवळा, मग लाल. माझे हात इतके थरथरत होते की कागद वाजायला लागला, म्हणून तो टेबलावर ठेवून वाचला. मी म्हटलं, पान ६१ वर आमचा रस्ता सुरक्षित आहे कारण तिथे एक बाई उभ्या असतात. पान १४८ वर त्या एप्रिलनंतर तिथे नसतील. सप्टेंबरात माझी मुलं तो रस्ता कुणाच्या मदतीनं ओलांडतील?

कागद चाळल्याचा आवाज आला. शिक्षणाच्या कॅबिनेट सदस्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं, अधिकाऱ्यांनी मागच्या रांगेत पाहिलं. रस्ते विभागाचं कुणी आलंच नव्हतं. लीडर म्हणाले की लेखी उत्तर देऊ. मी उभ्या उभ्याच विचारलं, "हा प्रश्न इतिवृत्तात येईल ना?" ते हो म्हणाले. त्यानंतर अकरा मिनिटांत ठराव झाला. सगळे हात वर. अप्पा म्हणाले होते अगदी तसे.

बाहेर पडल्यावर बसस्टॉपवर आम्ही पाचसहा जणी काही न बोलता उभ्या होतो.

लेखी उत्तर २० डिसेंबरला आलं. दोन खात्यांचे प्रस्ताव शेवटच्या निर्णयाआधी एकत्र तपासले जातील, असं होतं. मी ते फाइलला लावलं. फाइल ठेवाच. तारीख, कुणाशी बोलणं झालं, काय म्हणाले, एवढंच, पण त्याच दिवशी लिहा.

९ जानेवारी २०२५ ला कायदेशीर नोटीस निघाली. स्थानिक वर्तमानपत्रात आली आणि शाळेच्या फाटकालाही लागली. लॅमिनेट केलेला कागद, प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधलेला, आत पाणी शिरून शाई पसरलेली. लेक वाचायला लागली आणि 'डिसकंटिन्यू' या शब्दावर थांबली. "म्हणजे काय, आई?" मी सांगितलं.

हरकती नोंदवायला चार आठवडे, ६ फेब्रुवारीपर्यंत. इथे खूप जण फसतात. शरद ऋतूत पाठवलेलं म्हणणं या टप्प्यात आपोआप धरलं जात नाही, हरकत नव्यानं नोंदवावी लागते. पहिल्या वेळी आमची जवळपास दोनशे पत्रं गेली होती. या वेळी लोक थकले होते, चाळीस गेली. प्रत्येकीला फोन करून तेच सांगताना माझाही आवाज उतरला होता.

त्याच आठवड्यात या सगळ्यातली माझ्यासाठी सर्वांत अवघड गोष्ट करावी लागली. सप्टेंबरात रिसेप्शनला जाणाऱ्या मुलांचा अर्ज देशभर १५ जानेवारीच्या आत भरायचा असतो. ज्या शाळेसाठी मी चार महिने पत्रं लिहीत होते, तिचं नाव पहिल्या पसंतीला लिहायचं की रस्त्यापलीकडच्या शाळेचं? लंडनमध्ये सहा शाळा लिहिता येतात. मी १४ तारखेच्या रात्री पहिल्या ओळीत पलीकडच्या शाळेचं नाव लिहिलं आणि आपली शाळा दुसऱ्या ओळीत. बटण दाबलं आणि रडले. शाळेच्या दारात उभं राहून सह्या गोळा करणाऱ्या बाईनं असं करावं का, हा प्रश्न तेव्हा फार टोचला. आज कुणी विचारलं तर सांगेन की मुदतीत अर्ज भरा, मिळू शकेल अशी शाळा वर लिहा. त्यानं हरकत घेण्याचा तुमचा हक्क जात नाही. उशिरा आलेला अर्ज मात्र रांगेत मागे जातो.

११ फेब्रुवारीला बजेटची कॅबिनेट बैठक होती. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, ४.९९ टक्क्यांनी वाढणार होता. त्या वर्षी पाच टक्के किंवा त्याहून जास्त वाढवायचा तर जनमत घ्यावं लागत होतं, म्हणून बहुतेक कौन्सिली त्याच्या एक केस अलीकडे थांबल्या. मी कपातीचा तक्ता उघडला. आमच्या रस्त्याचं नाव यादीतून काढलं होतं. तळटीप होती की शाळांच्या पुनर्रचनेमुळे ही सेवा मार्च २०२७ पर्यंत चालू ठेवावी. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण यादीत उरलेली सात नावं तशीच होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर पाचव्या नावाच्या रस्त्याजवळ राहणारी एक बाई बसली होती, बाबागाडीत तान्हं बाळ. तिनं विचारलं, "तुम्ही तुमचं नाव कसं काढून घेतलंत?" मी तिला दोन पानांची गोष्ट सांगितली. तिच्याकडे तशी दोन पानं नव्हती. तिची शाळा सुरूच राहणार होती, त्यामुळे तिच्या रस्त्याबद्दल कुठल्याच अहवालात काही लिहिलेलं नव्हतं. ती बोलली, चांगली बोलली. २६ फेब्रुवारीला पूर्ण कौन्सिलनं बजेट मंजूर केलं, आणि तिच्या रस्त्यावरची सेवा गेली. तिची माझी अजून ओळख आहे. तो विषय निघाला की मला अजूनही शब्द सापडत नाहीत.

११ मार्चला शाळेचा अंतिम निर्णय झाला. बंद. सोबत तीन गोष्टी लिहिल्या गेल्या: भावंडांना शक्यतो एकाच शाळेत जागा, गणवेशासाठी प्रत्येक मुलामागे ५० पौंडांचं व्हाउचर, आणि मोठ्या रस्त्यावरची सेवा. विरोधी कौन्सिलरांनी निर्णय 'कॉल-इन' केला, म्हणजे पाच कामाच्या दिवसांत अर्ज देऊन तो छाननी समितीपुढे नेला. २७ मार्चला समितीनं दोन तास ऐकून निर्णय कायम ठेवला. पुढे काय, म्हणून एका वकिलांशी अर्धा तास बोललो. आमच्यासारख्या कौन्सिलच्या शाळेत पालकांना वर अपील नाही. उच्च न्यायालयात निर्णयाच्या पद्धतीला आव्हान देता येतं, तेही तीन महिन्यांच्या आत आणि होईल तितकं लवकर. पद्धतीत आम्हाला चूक सापडत नव्हती आणि खर्च हजारो पौंडांत. आम्ही थांबलो.

१६ एप्रिलला धाकट्याला पलीकडच्या शाळेत जागा मिळाल्याची ई-मेल आली. लेकीचं पत्र ९ मे ला. या मधल्या तीन आठवड्यांत मी प्रवेश विभागाला सहा फोन केले. चालू इयत्तेतली बदली हे वेगळं टेबल असतं, रिसेप्शनच्या ई-मेलवर विसंबून राहू नका.

खर्च लिहून ठेवला आहे, तो देते. छपाई आणि टपाल मिळून १९ पौंड. तीन अर्ध्या रजा. दोघांचे गणवेश ११४ पौंड, त्यातले १०० व्हाउचरमधून. आता रोजचा खर्च बसचा: लंडनच्या बसमध्ये मुलांना भाडं नाही, माझं २०२५ साली १.७५ पौंड होतं. तासाभरात परतीची बस पकडली तर तेच तिकीट चालतं, म्हणून सकाळी एक आणि दुपारी एक, तेव्हा दिवसाला साडेतीन पौंड. हवा बरी असेल तेव्हा चालतो. धाकट्याला आता कडेवर घ्यावं लागत नाही.

जुलैत शेवटच्या दिवशी वर्गाबाहेरच्या खुंट्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या मुलांना काढून घरी न्यायला सांगितल्या. लेकीच्या चिठ्ठीवर रिसेप्शनमध्ये तिनं स्वतः काढलेली सुरवंटाची आकृती होती, चार वर्षांत कडा कुरतडलेल्या. ती आता तिच्या खोलीच्या दाराला चिकटवली आहे.

३ सप्टेंबर २०२५ ला सकाळी साडेआठला आम्ही तिघं मोठ्या रस्त्याच्या कडेला पोचलो. पाऊस भुरभुरत होता. पिवळ्या कोटातल्या बाईंनी हातातली गोल पाटी उचलली आणि दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. धाकट्यानं माझा हात सोडून त्यांचा धरला. ओलांडून झाल्यावर मी त्यांना म्हटलं की तुमची जागा मार्च २०२७ पर्यंत आहे. "हो, मला सांगितलंय त्यांनी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलांसाठी परत कडेला गेल्या.

डिसेंबर २०२६ मध्ये पुन्हा बजेटचा मसुदा कॅबिनेटपुढे येईल. विषयपत्रिका बैठकीआधी पाच कामाचे दिवस सोडून लागते. त्या आठवड्यावर मी फोनमध्ये आत्ताच खूण करून ठेवली आहे, आणि पाचव्या रस्त्याजवळच्या बाईलाही ती पाठवली आहे.